सोय कोणाची, आवाज कोणाचा? घरातला बोलका स्पीकर आणि खासगीपणाचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'अं...', 'म्हणजे काय की' काढलेत, बाकी मांडणी बरीचशी तशीच ठेवलीय.

आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता. अलेक्सा, गूगल असिस्टंट वगैरे बोलके स्पीकर घरात ठेवावेत की नाही? सोय मोठी की खासगीपणा? हा प्रश्न साधारणपणे असा विचारला जातो, की एका पारड्यात माझी सोय, दुसऱ्यात माझा खासगीपणा, आणि काटा कुठे झुकतो ते मी ठरवायचं. पण मी थेरगावात राहतो, आणि आजूबाजूची घरं बघून मला वाटतं की हा तराजूच जरा चुकीचा मांडलाय. कारण एका पारड्यात बसलेला माणूस आणि दुसऱ्या पारड्यात बसलेला माणूस, हे बऱ्याचदा एक नसतातच. सोय एकाची होते, आवाज दुसऱ्याचा जातो. आजचा सगळा भाग या एका वाक्याभोवती आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, मग माणसांकडे येऊ.

स्पीकर 'ऐकतो' म्हणजे नक्की काय करतो?

'तो चोवीस तास रेकॉर्डिंग करतो' असं काही लोक ठासून सांगतात, आणि 'हाक मारल्याशिवाय तो काहीच ऐकत नाही' असं काही लोक तितक्याच ठामपणे सांगतात. दोन्ही बरोबर नाहीत.

स्पीकरचे माइक सतत चालू असतात, ते असावेच लागतात. नाहीतर हाक मारलेली त्याला कळणार कशी? आतली चिप मागचे काही क्षणच हाताशी ठेवते आणि त्यात ठरलेली हाक आहे का, एवढंच तपासत राहते. हाक सापडली नाही तर ते क्षण पुसले जातात आणि त्यांच्या जागी पुढचे येतात. हे काम स्पीकरच्या आतच होतं, त्याला इंटरनेट लागत नाही. हाक सापडली की दिवा लागतो. अलेक्साच्या स्पीकरवर निळा लागतो. तिथून पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येतं.

थोडक्यात, 'ऐकणं' घरात होतं आणि 'समजणं' बाहेर होतं. या दोघांच्या मधला दरवाजा म्हणजे ती हाक.

हा दरवाजा चुकून उघडतो, आणि खरी भानगड तिथे आहे. टीव्ही चालू असतो, कोणीतरी तसाच वाटणारा शब्द बोलतं, स्पीकरला वाटतं आपल्यालाच बोलावलं. अमेरिकेतलं नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग केला. वेगवेगळ्या स्पीकरांसमोर नेटफ्लिक्सवरच्या मालिका १२५ तास लावून ठेवल्या आणि हाक न मारता ते किती वेळा जागे होतात ते मोजलं. सरासरी दिवसाला दीड ते एकोणीस वेळा, असं आलं. आपल्याकडे संध्याकाळी सात ते दहा मालिका चालू असलेली घरं किती आहेत ते आठवा.

चुकून उघडलेल्या दरवाजातून काय जाऊ शकतं, त्याचं गाजलेलं उदाहरण मे २०१८ मधलं आहे. अमेरिकेत पोर्टलंडमधल्या एका जोडप्याचं घरातलं बोलणं रेकॉर्ड होऊन थेट नवऱ्याच्या हाताखालच्या कर्मचाऱ्याला पोचलं. कंपनीचा खुलासा असा होता : बोलण्यातल्या एका शब्दाला स्पीकर हाक समजला, पुढचं काहीतरी त्याला 'मेसेज पाठव' असं ऐकू आलं, 'कोणाला?' या त्याच्या प्रश्नावर खोलीतल्या गप्पांतून एक नाव त्याने उचललं, आणि खात्री करायला विचारल्यावर कुठलासा शब्द होकार म्हणून धरला. एकामागून एक चार गैरसमज! सुदैवाने ते बोलणं लाकडी फरशीबद्दल होतं. पण घरात आपण फक्त फरशीबद्दल बोलत नाही.

पलीकडे माणूस असतो का?

नेहमी नाही. पण असू शकतो.

एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की अलेक्साची समज सुधारण्यासाठी तिच्या रेकॉर्डिंगचे तुकडे माणसं ऐकतात. हे लोक बोस्टन, कोस्टा रिका, रोमेनिया आणि आपल्या भारतातही बसलेले होते. नऊ तासांच्या शिफ्टमध्ये एकेक जण हजारापर्यंत तुकडे तपासत होता, असं त्या बातमीत होतं. चाकण-भोसरीकडे शिफ्टवर जाणाऱ्यांना हे लगेच समजेल. लाइनवर माल तपासावा तसे आवाज तपासले जात होते.

त्याच वर्षी जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीकडे गूगल असिस्टंटचे हजाराहून जास्त तुकडे पोचले. त्यातले १५३ असे होते की जे रेकॉर्ड व्हायलाच नको होते, म्हणजे कोणी हाक मारलेलीच नव्हती. त्याच महिन्यात 'गार्डियन'ने ॲपलच्या सिरीबद्दल तसंच छापलं. गूगलचं म्हणणं होतं की एकूण तुकड्यांपैकी ०.२ टक्केच माणसांकडे जातात. ॲपलने माफी मागितली आणि परवानगी दिल्याशिवाय रेकॉर्डिंग तपासणार नाही असं जाहीर केलं. पुढे सिरीच्याच एका खटल्यात ॲपलने ९.५ कोटी डॉलरची तडजोड केली, ती बातमी जानेवारी २०२५ मधली.

'हे सगळं तिकडचं' असं वाटत असेल तर जून २०२१ आठवा. आपल्या संसदेच्या माहिती तंत्रज्ञान स्थायी समितीपुढे गूगलच्या प्रतिनिधींनी मान्य केलं, की असिस्टंटशी झालेल्या काही संभाषणांची रेकॉर्डिंग कर्मचारी ऐकतात. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत ही बातमी ठळकपणे आली होती.

मी हे घाबरवायला सांगत नाही. कुठल्या तरी इमारतीत बसून कोणी तुमच्याच घरावर नजर ठेवलीय, असं यातून सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं की 'फक्त मशीनच ऐकते' ही समजूत खरी नाही.

आपल्याकडे भिंतीलाही कान असतात म्हणतात. वाड्यात, चाळीत, बैठ्या खोल्यांत वाढलेल्यांना ते कान माहीत आहेत. शेजारच्या घरात काय शिजतंय आणि कोण रुसलंय, सगळं कळायचं. पण शेजारच्या काकू विसरायच्या. आणि त्यांनी ऐकलं तसं आपणही त्यांचं ऐकलेलं असायचं, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटायचा. या नव्या कानाकडे तारीख-वेळेसह नोंद राहते, आणि त्याच्या घरातलं आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

सोय खरी आहे, तिला हसू नये

आता दुसरं पारडं. तंत्रज्ञानावर बोलणारे आमच्यासारखे लोक इथे एक अन्याय करतात. 'दिवा लावायला उठायचाही कंटाळा!' असं म्हणून सोयीची टिंगल करतात.

आमच्या घरचं सांगतो. आईची पंचाहत्तरी झाली. गुडघे कुरकुरतात, आणि काचबिंदूमुळे नजर कडेने कमी झालीय. फोनवरचं बारीक अक्षर तिला दिसत नाही, आणि टचस्क्रीनवर बोट कुठे टेकवायचं याची तिला धास्ती वाटते. मी दिवसभर कामावर असतो. हॉलमधला स्पीकर तिला गोळ्यांची वेळ सांगतो, हरिपाठ लावून देतो, रात्री बाथरूमला जाताना दिवा लावतो, आणि मुख्य म्हणजे फोन न शोधता मला कॉल लावून देतो. तिच्यासाठी ही चैन नाही. कोणावर अवलंबून न राहता दिवस काढायचं ते साधन आहे.

एक गंमतही आहे. अलेक्सा भारतात आली ऑक्टोबर २०१७ मध्ये, तेव्हा तिला फक्त इंग्रजी येत होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये हिंदी आलं. गूगल असिस्टंट फोनवर मराठी बोलायला लागला तो २०१८ मध्ये. आमच्या आईचं आयुष्य पवनेच्या काठी गेलं, भाजीवाल्याशीही ती मराठीतच घासाघीस करते. पण स्पीकरशी मात्र 'बत्ती बंद करो'. घरात एकच पाहुणा असा, की ज्याच्यासाठी तिने भाषा बदलली. सोय ही अशीच असते, तीही काहीतरी मागून घेतेच.

दिसत नाही त्यांना, हात कापतो त्यांना, पॅरालिसिसमुळे पलंगावर आहेत त्यांना 'हे वापरू नका' असं सांगण्याआधी, त्यांना पर्याय काय देणार ते आधी सांगावं लागेल.

एका तराजूत दोन माणसं

आता मूळ मुद्दा. या यंत्राची परवानगी कोण देतं? खातं उघडणारा. आमच्या घरात मी. मी 'सहमत आहे' दाबलं. आणि त्या स्पीकरसमोर बोलतं कोण?

पहिल्या, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. भांडी घासताना त्या फोन स्पीकरवर टाकून बोलतात. भिशीचा हप्ता, पोरीची फी, दवाखान्याचा खर्च, सगळं. त्यांनी कुठेच 'सहमत आहे' दाबलेलं नाही. त्यांची सोय? शून्य. आवाज? त्यांचा.

दुसरे, पाहुणे आणि भाडेकरू. डांगे चौकापासून काळेवाडी फाट्यापर्यंत कितीतरी फ्लॅटमध्ये तीन-चार पोरं किंवा पोरी मिळून राहतात. कोणी हिंजवडीला, कोणी हॉस्पिटलमध्ये, कोणी चाकणच्या कंपनीत. स्पीकर एकाचा, खातं एकाचं, पण आवाज चौघांचे. आणि ज्याचं खातं त्याला ॲपमध्ये सगळ्यांनी दिलेल्या आज्ञा वाचता येतात, त्यांचं रेकॉर्डिंग ऐकताही येतं. रात्री दोन वाजता कोणी स्पीकरला काय विचारलं, हे कंपनीला कळतंच, रूममेटलाही कळतं.

तिसरी, मुलं. मुलं या स्पीकरला काहीही विचारतात, आणि ते चांगलंच आहे. पण ३१ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनविरुद्धच्या कारवाईत २.५ कोटी डॉलर दंडाची तडजोड जाहीर केली. आरोप असा होता की मुलांची रेकॉर्डिंग अमर्याद काळ ठेवली गेली, आणि आईवडिलांनी पुसायला सांगितल्यावरही काही लेखी नोंदी राहून गेल्या.

चौथी, आई स्वतः. यावर आमच्या घरात खरा वाद झाला. अलेक्सात 'ड्रॉप इन' नावाची सोय आहे. साध्या कॉलमध्ये समोरच्याने उचलावं लागतं. ड्रॉप इनमध्ये उचलावं लागत नाही. एक सूर वाजतो, हिरवा दिवा लागतो, आणि तुम्ही थेट त्या खोलीत. माझा भाऊ नाशिकला असतो. त्याचं म्हणणं, 'दादा, हे चालू ठेव. आई पडली-बिडली तर निदान ऐकता येईल.' त्याची काळजी खोटी नव्हती. मलाही ते पटत होतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, 'दार वाजवल्याशिवाय माझ्या खोलीत तुम्ही लहानपणी सुद्धा यायचा नाहीत. आता का यायचंय?'

ती पुढे जे म्हणाली ते मला जास्त लागलं. दुपारी तिच्या मैत्रिणी येतात, सुनांबद्दल बोलतात, नवऱ्यांबद्दल बोलतात, कोणी रडतंसुद्धा. 'त्या माझ्या भरवशावर बोलतात, तुमच्या नाही.' म्हणजे तिचा खासगीपणा एकटीचा नव्हताच. तो तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या पाच-सहा बायकांचाही होता.

शेवटी ठरलं ते असं. तिच्या खोलीत स्पीकर नाही. हॉलमधल्या स्पीकरवर ड्रॉप इन बंद, साधा कॉल चालू. कॉल दोनदा उचलला नाही तर शेजारच्या काकूंना फोन. त्यांच्याकडे घराची किल्ली आहे. यात धोका नाही का? आहे. बाथरूममध्ये पडली तर काकू येईपर्यंत दहा मिनिटं जातील. तो धोका आईने समजून घेतला आणि पत्करला. भाऊ अजूनही पूर्ण राजी नाही. पण निर्णय ज्याच्या आवाजाचा आहे त्याने घेतला, एवढं समाधान मला आहे.

कायदा कुठपर्यंत येतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत अलेक्सा भारतात आली. पण तपशिलात जाणारा कायदा यायला आणखी सहा वर्षं लागली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत आहे.

आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

- संमती मागताना कंपनीने साध्या भाषेत सूचना द्यायची, आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा. त्यात मराठी आहे. म्हणजे मराठी न बोलणाऱ्या यंत्राची परवानगी तरी मराठीत वाचायचा हक्क आईला मिळणार.
- दिलेली संमती परत घेता येते, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच परत घेणं सोपं असायला हवं.
- अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची पडताळता येणारी संमती लागते.
- डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ऐकायला छान आहे. पण याच कायद्यात एक कलम आहे, ज्यावर फार बोललं जात नाही. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी डेटा वापरला तर त्याला हा कायदा लागूच होत नाही. कंपनी सुटत नाही, पण घरमालक सुटतो. मावशींचं बोलणं मी माझ्या घरात, माझ्या कारणासाठी रेकॉर्ड केलं, तर या कायद्याने त्या मला काही विचारू शकत नाहीत. हे कलम समजण्यासारखं आहे. नाहीतर लग्नाचा व्हिडिओ काढायलाही नोटीस द्यावी लागली असती. पण त्याचा अर्थ असा, की घराच्या उंबऱ्याच्या आत मावशींचा आणि आईचा खासगीपणा सांभाळणारा दुसरा कोणी नाही. तो आपणच सांभाळायचा.

न्यायालयांचाही कल बघा. १९७२ मध्ये मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा मुंबईचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईच्या कॉरोनरवर लाचेचा आरोप होता, आणि फोनवरचं बोलणं दुसऱ्या बाजूच्या संमतीने पोलिसांनी टेप केलं होतं. ती टेप पुरावा म्हणून मान्य झाली. आणि १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की नवराबायकोपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल. न्यायासाठी ते गरजेचं असेल, त्यावर मी मत देणारा कोण? पण घरात ध्वनिमुद्रण पडून असेल तर ते कधीतरी कोणाच्या तरी हातात येऊ शकतं, हे धरूनच चालायचं.

मग करायचं काय?

'ठेवा' किंवा 'फेका' असं मी सांगणार नाही. तीन प्रश्न विचारा, असं सांगेन.

पहिला : या खोलीत कोणाची सोय होतेय? नाव घेऊन उत्तर द्या. नाव सापडलं नाही तर तिथे स्पीकरची गरज नाही.

दुसरा : या खोलीत कोण बोलतं? सगळ्यांची नावं घ्या, मावशी, पाहुणे, मुलांचे मित्र धरून.

तिसरा : त्यांना माहीत आहे का, आणि नको असेल तर ते बंद करू शकतात का?

आता हाताने करायच्या गोष्टी.

जागा. बेडरूम, देवघर आणि जिथे पैशांचं, दुखण्याचं बोलणं होतं ती खोली सोडा. हॉल पुरतो. टीव्हीपासून लांब ठेवा, म्हणजे चुकून जागा होण्याचं प्रमाण कमी होईल.

माइकचं बटण. अलेक्साच्या स्पीकरवर माइक बंद केला की लाल दिवा लागतो. माइकचा वीजपुरवठाच तुटतो, असं कंपनी सांगते. गूगलच्या नेस्ट मिनीला बाजूला सरकवायचं बटण आहे, त्याचा दिवा नारिंगी. हे बटण घरातल्या सगळ्यांना दाखवा, मावशींनाही. आमच्याकडे मी त्यांना सांगितलंय, 'हे दाबायला मला विचारायचं नाही.' पहिले दोन दिवस त्या संकोचल्या. आता आल्या की पर्स ठेवतात आणि बटण दाबतात. जाताना परत चालू करतात, कारण आईला लागतो.

नोंदी. अलेक्साच्या ॲपमध्ये 'मोअर'मध्ये जाऊन 'अलेक्सा प्रायव्हसी' उघडा. तिथे आजवरची रेकॉर्डिंग ऐकता येतात. एकदा बसून ऐकाच. हाक न मारता झालेली एखादी तरी सापडण्याची शक्यता आहे. तिथेच रेकॉर्डिंग ठेवायचीच नाहीत किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसायची, असा पर्याय आहे. ठेवायची नाहीत असं निवडलं तरी लेखी नोंद काही दिवस राहू शकते, हे लक्षात असू द्या. तपासणीसाठी माणसांनी ऐकू नये, हाही पर्याय तिथेच मिळतो. गूगलवाल्यांनी 'माय ॲक्टिव्हिटी'मध्ये बघावं. २०२० पासून तिथे आवाज साठवणं आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही, पण पूर्वी कधी 'हो' म्हटलं असेल तर तपासून घ्या.

वर्षातून दोनदा फेरी. सेटिंग एकदा केली आणि सुटलो, असं होत नाही. अमेरिकेत काही मॉडेलवर आवाज बाहेर न पाठवता आतच प्रक्रिया करण्याचा पर्याय होता. नवी एआयवाली अलेक्सा आणताना ॲमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून तो काढून टाकला. सेटिंग आपण करतो, पण ती ठेवायची की नाही हे कंपनी ठरवते. दिवाळीची साफसफाई आणि मेमधली सुट्टी, अशा दोन तारखा ठरवून टाका.

निरोप देताना. बदली झाली, फ्लॅट सोडला, स्पीकर विकला किंवा भाच्याला दिला, तर आधी खात्यातून तो काढा आणि फॅक्टरी रीसेट करा. आपल्या भागात माणसं सारखी घरं बदलतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

कमी बोलकी सोय. प्रत्येक सोयीला कान लागतातच असं नाही. रात्रीच्या दिव्यासाठी हालचालीवर लागणारा बल्ब चालतो. पंख्याला साधा रिमोट पुरतो. टीव्हीच्या रिमोटमधला माइक बटण दाबून धरल्यावरच ऐकतो, हा मधला रस्ताही चांगला. आणि ज्यांना खटपटीची आवड आहे त्यांनी 'होम असिस्टंट' बघावं. त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये आणलेला छोटा स्पीकर, घरात संगणक जोडून दिला तर, आवाज घराबाहेर न पाठवता काम करू शकतो.

तुमचे तीन प्रश्न

*'फोन तर खिशातच आहे, तोही ऐकतो. मग स्पीकरचं एवढं काय?'*

रास्त प्रश्न. फोनमध्येही असिस्टंट असतो, आणि त्याच्याही सेटिंग तपासायलाच हव्यात. पण फोन एकाचा असतो, त्याच्याबरोबर फिरतो. स्पीकर खोलीचा असतो. खोलीत येणारा प्रत्येक जण त्याच्या कक्षेत येतो. दार उघडंच आहे म्हणून खिडकीची कडी काढून ठेवत नाही ना आपण?

*'आमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही.'*

तुमच्याकडे नसेल, अभिनंदन. पण मावशींच्या पगाराचा आकडा, मैत्रिणीचं दुखणं, भावाचं कर्ज हे तुमचं नाही. तुमच्या घरात ते फक्त बोललं जातं. दुसऱ्याचं गुपित उघडं पडलं तर चालेल, असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

*'कामवालीला सांगितलं तर ती काम सोडून जाईल.'*

माझा अनुभव उलटा आहे. पण समजा गेली, तर तिला ते मान्य नव्हतं, एवढंच त्यातून कळलं. न सांगता ठेवल्याने ते मान्य झालं असतं का?

शेवटचं

एक छोटं काम देतो. या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, ॲप उघडा आणि मागच्या आठवड्यातली रेकॉर्डिंग मोठ्याने लावा. पाच मिनिटं पुरतात. त्यात आपला आवाज ऐकून घरातलं कोण हसतं, कोण गप्प होतं आणि कोण म्हणतं 'हे मी कधी बोलले?', ते बघा. स्पीकर कुठे ठेवायचा हे जो गप्प झाला त्याला विचारा.

तुमच्या घरात काय ठरलं ते नक्की कळवा. पुढच्या भागात सोसायटीच्या गेटवर आपली नावं आणि फोन नंबर नोंदवणाऱ्या ॲपबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!